बोटीवरची हजेरी

“ह्या टायमाची बोट पास झाली, पन काठावर,” असं म्हणत काका माझ्या दुकानातल्या खुर्चीत बसले, की मी समजायची, आता तासभर झेरॉक्सच्या मशीनपेक्षा त्यांचाच आवाज जास्त असणार.

शहापूरच्या एसटी स्टँडकडून बाजारात जाताना डाव्या हाताला लागते ती दुमजली इमारत त्यांची. खाली माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, वर ते एकटे. माझे घरमालक. मी त्यांना काका म्हणायची. बाजार त्यांना ‘बोटवाले’ म्हणायचा, अर्थात ते पुढं गेल्यावर. टोकावड्याकडच्या शेतकरी घरातला, पोहायला न येणारा, सत्तरीला टेकलेला हा माणूस वर्षातून दोनदा, जमलं तर तीनदा, मोठ्या प्रवासी बोटीवर जाऊन राहायचा. एकटाच. आणि परत आला की कुठली बोट कशी, कुणापेक्षा सरस, कुठं कमी, ते मला सांगायचा. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतंच. गावाकडे एकदा सांगायला गेले तर एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, “पन मासे गावतात का रे?”

नोकरी त्यांनी कसाऱ्याला केली, रेल्वेत. कल्याणकडून आलेल्या गाडीला घाट चढायला मागून इंजिन लावतात, ते ते चालवायचे. त्याला बँकर म्हणतात. बोटीवर कुणी विचारलं की काका सरळ सांगायचे, “आय वॉज बँकर,” आणि समोरचा माणूस त्यांना ठेवींवरच्या व्याजाबद्दल विचारायला लागायचा. गाडी ढकलत इगतपुरीला न्यायची. तिथं इंजिन सुटायचं, गाडी आपली नाशिक-भुसावळ करत कुठं जायची तिथं जायची, आणि काका उतरणीनं परत कसाऱ्याला. सगळा जन्म असा गेला. मूलबाळ नव्हतं. काकी त्यांच्या निवृत्तीच्या आधीच वारल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही. काका त्यांच्याबद्दल फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, “ती लय बोलायची. मी नुसता ऐकायचो. आता ऐकायचं पन काम नाय.”

बोटीचा नाद लागला तो अपघातानंच. निवृत्त झालेल्या चौघा ड्रायव्हरांनी मिळून मुंबई-गोवा बोटीचं तिकीट काढलं. समुद्र खवळलेला होता. बाकीचे तिघे जाता-येता ओकत होते, आणि पुन्हा बोटीचं नाव काढणार नाही असं म्हणत घरी गेले. काकांना काहीच झालं नाही. इंजिनात उभं राहून राहून पाय तयार झाले होते, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर ते एकटेच जायला लागले. पुढं सिंगापूरहून सुटणारी बोट झाली, दुबईहून सुटणारी झाली, पुढं पुढं तर पार इटलीपर्यंत विमानानं जाऊन तिथली बोट पकडायचे.

कंपन्यांची नावं ते घेत नसत. नावं त्यांची त्यांनीच ठेवलेली. मुंबईहून सुटायची ती ‘लग्नाची बोट’, कारण तिच्यावर कायम कुणाचं तरी लग्न नाहीतर लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असायचा आणि ढोल वाजत असायचे. सिंगापूरची ती ‘शाळा सुटली’. पोरंच पोरं. इटलीची ती ‘म्हाताऱ्यांची बोट’. तिच्यावर काका जवान दिसायचे म्हणे.

“लग्नाच्या बोटीवर वरणभात चांगला,” ते सांगायचे. “शाळा सुटलीवर गादी चांगली. पन चहा कुठंच नाय गो. दुधाची पुडी फोडून देतात. म्हाताऱ्यांच्या बोटीवर चहा सगळ्यात वाईट, पन देनारा उभा ऱ्हातो. पिऊन होईपर्यंत उभा ऱ्हातो.”

तिकिटं मीच काढून द्यायची, म्हणून त्यांची दुसरी एक तऱ्हा मला ठाऊक होती. संगणकावर बोटीचा नकाशा उघडला की लोक शांत खोली शोधतात. खिडकीची, गॅलरीची, लिफ्टपासून लांबची. काका उलट. बोट ठेवून दाखवायचे, “ही बघ. लिफ्टच्या बाजूची.” लिफ्टच्या बाजूची नसेल तर स्वयंपाकघराच्या खालची, नाहीतर चादरी-टॉवेल ठेवायच्या कोठीला लागून असलेली. एजंट फोनवर मला बजावायचा, मॅडम, तिथं फार आवाज असतो, पॅसेंजर तक्रार करतात. मी काकांना सांगायची. ते म्हणायचे, “आवाजच पायजे. पैशे आवाजाचेच देतोय.”

एकटा माणूस असला तरी बोटीवर खोली दोघांचीच असते आणि पैसेही जवळजवळ दोघांचे पडतात. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं जेवणाच्या पद्धतीचं. काही बोटींवर संध्याकाळी तुमचं टेबल ठरलेलं असतं, रोज तीच माणसं समोर. ओळखदेख नसली तरी तिसऱ्या दिवशी कोण किती खातो ते कळतं. ह्या बोटी काकांच्या लेखी पहिल्या वर्गाच्या. आणि ज्या बोटी अभिमानानं सांगायच्या, कधीही या, कुठंही बसा, त्यांच्यावर त्यांचा राग.

“कधी पन जेवा, कुठं पन जेवा,” ते चिडून म्हणायचे. “म्हनजे कोनासंगं नका जेवू, आसंच ना?”

एवढे देश फिरले, पण बंदरावर ते उतरत नसत. बोट लागली की सगळे शहर बघायला जायचे, काका वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभे. मी म्हणायची, काका, इतक्या लांब जाऊन तुम्ही बघितलं काय? “धक्का,” ते म्हणायचे. माणसं उतरताना कशी ऐटीत जातात आणि बोट सुटायच्या वेळेला कशी धावत येतात, ते त्यांना बघायचं असायचं. सगळी आत आली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. एकदा पेनांगला एक नवरा-बायको राहून गेले. जिना काढलेला, बोट धक्क्यापासून सुटलेली, आणि ती दोघं पिशव्या घेऊन पळत आली. डेकवरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या, मोबाइल काढले.

“ती बाई हात हालवत होती,” काकांनी मला सांगितलं. “लोकांना वाटलं टाटा करते. सगळ्यांनी तिला टाटा केला. ती टाटा नव्हती करत गो. ती बोलवत होती.”

त्या बोटीला त्यांनी नापास केलं. जेवण, गादी, गाणी, सगळं उत्तम असूनही.

तोपर्यंत मला वाटायचं, माणूस हौशी आहे, थोडा विक्षिप्त आहे. पास-नापास कशावरून ठरतं ते मला एका दुपारी कळलं, आणि तेही मी विचारलं म्हणून. म्हाताऱ्यांच्या बोटीचं चौथ्यांदा तिकीट काढत होते. मी म्हटलं, “काका, चहा एवढा वाईट, तरी पुन्हा तीच?”

ते हसले. म्हणाले, “तिथं शोधायला येतात.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. बोट सुटायच्या आधी भोंगा होतो. सगळ्यांनी खोलीतून निघून ठरवून दिलेल्या जागी जमायचं. तिथं हजेरी घेतात, संकट आलं तर कुठं यायचं, जाकीट कसं घालायचं ते शिकवतात. आल्याशिवाय चालतच नाही. काका ह्या हजेरीला जात नसत. मुद्दाम. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बुटाच्या नाड्या बांधून ते पलंगावर बसून राहायचे. बाहेर पळापळ, मग हळूहळू सामसूम. आणि मग ते वाट बघायचे, दारावर थाप कधी पडते ह्याची.

“लग्नाच्या बोटीवर कोन आलंच नाय. भोंगा झाला, बोट सुटली, मी खोलीत. शाळा सुटलीवर आले, पन दोघं हुते, लय ओरडले. म्हाताऱ्यांच्या बोटीवर येक पोरगी आली. तिकडची, फिलिपिन्सची आसल. धावत आलेली, दम लागलेला. मना वाटलं आता ओरडनार. तिनं माझा हात धरला, आन जिन्यापर्यंत सोडला नाय. सारखी विचारत हुती, यू ओके सर, यू ओके?”

मी आधी हसले. मोठ्यानं हसले. आणि मग त्यांच्याकडे बघून मला पुढं हसता येईना. मी उगाच मशीनमध्ये कागद भरायला लागले.

पुढं ती साथ आली. दोन वर्षं बोटी धक्क्याला पडून होत्या आणि काका वर. माझं दुकानही बरेच महिने बंदच होतं. सगळं सुरू झाल्यावर त्यांनी पहिलं तिकीट काढलं ते म्हाताऱ्यांच्या बोटीचं. नवा शर्ट घेतला. पण परत आले तेव्हा खुर्चीत बसलेच नाहीत. दारातूनच म्हणाले, “बंद झालं गो ते.”

“काय?”

“हजेरी. आता मोबाइलवर बघायचं, कसं जाकीट घालायचं ते. मंग आपलं कार्ड एका जागी टेकवायचं, झालं. मी नाय टेकवलं. फोन वाजत ऱ्हायला. मंग दाराखालून येक कागूद सरकवला. मानूस नाय आला.”

त्यानंतर त्यांचं मन बोटीतून उडालं. मी नव्या बोटींची चित्रं काढून दाखवायची, ते मान हलवायचे. रोज सकाळी मात्र दुकान उघडलं की खाली यायचे, पेपर चाळायचे, गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोलायचे. दहावीचा निकाल लागला, अकरावीच्या फॉर्मांची गर्दी उसळली, तेव्हा एक दिवस ते आले नाहीत. गर्दीत माझ्या लक्षात यायला दुपार झाली. खुर्चीवर कुणाची तरी आई बसली होती, आणि तिला बघून मला एकदम वाटलं, काका कुठं आहेत?

मी वर गेले. दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं, हाका मारल्या. ढकलून बघितलं तर कडी लावलेलीच नव्हती.

काका पलंगावर बसले होते. आंघोळ केलेली. इस्त्रीचा शर्ट. पायात बूट, नाड्या बांधलेल्या.

“आलीस?” ते म्हणाले.

मला काय झालं मलाच कळलं नाही. मी ओरडले. “काका, ही काय थट्टा आहे? खाली पोरं ताटकळलीत. मला घर आहे, सासू आजारी आहे. मी काय बोटीवर आहे का? माझी परीक्षा घेऊ नका. बोलवायचं असेल तर हाक मारा, मी येईन. पण असं करू नका.”

त्यांनी बूट काढायला सुरुवात केली. खाली वाकूनच म्हणाले, “बराबर आहे तुजं.” नाडीची गाठ सुटत नव्हती. मी खाली बसून ती सोडवली, आणि दुकानात परत आले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या पुतण्याला टोकावड्याला फोन केला. जे घडलं ते सगळं सांगितलं. सख्खा म्हणावा असा तोच एक. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची बायको सुगंधा सकाळच्या एसटीनं आली. पुतण्या मनानं वाईट नव्हता, पण काकांच्या बोटींना कंटाळलेला होता. वर जाऊन त्यानं तेच तेच सांगितलं. काका, आता पुरे झालं, गावाला चला, आमी हाव ना. काका म्हणाले, “गावाला येऊन मी काय करू? तुमी सगळी शेतावर.” हे बराच वेळ चाललं. मी चहा घेऊन गेले होते. सुगंधानं तोवर झाडू शोधून काढला होता आणि ती खोली झाडत होती. पलंगाखालचा केर काढता काढता ती म्हणाली, “काका, मना न्या की येकदा बोटीवर.”

पुतण्या म्हणाला, “तुला? तुला मुरबाडच्या एसटीत उलटी व्हते.”

“व्हऊ दे,” ती म्हणाली. “एवढी वर्सं जातात, आमाला कधी विचारलं का येतेस म्हनून?”

काका तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, कुणी येईल हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले आणि पहिल्यांदाच मला विचारलं, “कुठली घेऊ गो? तूच सांग.” पासपोर्ट नसल्यामुळं त्या दोघांना परदेशी नेता येत नव्हतं. राहिली मुंबईची, लग्नाची बोट, त्यांनी नापास केलेली. पावसाळा संपल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. नवरा-बायकोला खिडकीची. काकांची नेहमीसारखी, लिफ्टच्या बाजूची.

तिथं काय झालं ते मला सुगंधानं सांगितलं. परत येताना तिघंही दुकानात थांबली होती. ती बोलत होती, पुतण्या हसत होता आणि काका भिंतीवरचे पासपोर्ट फोटोचे नमुने बघत होते.

त्या बोटीवर अजून जुन्याच पद्धतीनं सगळ्यांना जमवायचे. भोंगा झाला. काका पुतण्याला म्हणाले, तुमी व्हा पुढं, मी आलो. आणि खोलीत जाऊन बसले. सवयच ती. खाली मोठ्या हॉलमध्ये शेकडो माणसं नारिंगी जाकिटं घालून उभी. नावं झाली. एक पोरगा यादी बघून पुढं जायला लागला.

“मी म्हटलं, ओ, आमचं मानूस आलं नाय!” सुगंधा सांगत होती. “तो हिंदीत काय तरी बोलला, आ जायेंगे, आ जायेंगे. ह्यो पन म्हनतो, येतील, त्यांना सवय हाय. मी म्हटलं, मी नाय हालनार. बोट नेयाची नाय. आमचं मानूस वर हाय. तं सगळी लोकं बघायला लागली माझ्याकडं. मंग मी गेली. लिफ बंद केलेल्या. जिन्यानं गेली. सगळी दारं सारखी ओ ताई! मना कुठं ठावं कुठलं दार? मी सगळी दारं वाजवत सुटली. काका, ओ काका!”

मजलाच चुकला होता तिचा. एक मजला खाली होती ती. पण आवाज जिन्यातून वर गेला. काका सांगत नव्हते, पण पुतण्या म्हणाला, आम्ही मागनं पोचलो तर काका जिन्याच्या तोंडाशी उभे होते, बूट घालून, आणि ही लुगड्यावर नारिंगी जाकीट घातलेली, खालच्या पायरीवर, घामानं भिजलेली, त्यांना वाट्टेल तसं बोलत होती.

“मेलात का काय वाटलं मना!” सुगंधा म्हणाली. एवढं सांगताना पुन्हा तिचे डोळे भरले, आणि तिला त्याचा राग आला. पदरानं पुसून म्हणाली, “पुढं मी नाय सोडलं त्यांना. जेवायला पन हात धरून नेलं.”

मी काकांना विचारलं, “मग? कशी होती बोट? पास का नापास?”

ते फोटोंकडेच बघत होते. म्हणाले, “बोट मी नीट बघितलीच नाय ह्या टायमाला.”

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. सुगंधाला शेत होतं, गुरं होती, शाळेत जाणारी मुलं होती. ती गेली. काका वर गेले. त्यानंतर त्यांनी बोटीचं नाव काढलं नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, “आता कुठल्या बोटीवर जाऊ? कोन आलं तरी तसं थोडंच येनार?” पेपर वाचायला यायचे, पण लवकर उठून जायचे. दार मात्र उघडं ठेवायचे. जाता-येता मी हाक मारायची, ते ‘आहे’ म्हणायचे. पूर्वी त्यांच्या बोलण्यात मशीनचा आवाज बुडायचा. आता मशीन थांबलं की वरच्या पंख्याची करकर ऐकू यायची. माणसाला एकदा कुणीतरी जीव तोडून शोधलं की त्याचं एकटेपण कमी होतं, असं मला वाटलं होतं. काकांचं वाढलं.

पुढच्या पावसाळ्यात आवणीचे, भात लावायचे दिवस होते. सकाळी शटर उघडत होते तर काका जिन्यावरून उतरताना दिसले, हातात बोटीवर न्यायची ती चाकांची बॅग. मला आनंद झाला. “कुठली बोट?” मी विचारलं.

“बोट कसली. टोकावड्याची एसटी.”

“बोलवलंय का त्यांनी?”

“नाय,” काका म्हणाले. “कोनी नाय बोलवलं. मीच चाललो.” थोडं पुढं जाऊन वळले. “हाकलनार थोडीच हायेत?” हे त्यांनी खरोखरच विचारलं होतं. मी म्हटलं, नाही काका, नाही हाकलणार. ते स्टँडकडे गेले. बॅगेची चाकं खड्ड्यात अडकत होती, तशी ती त्यांनी उचलून घेतली.

ते परत राहायला आले नाहीत. वरचा मजला त्यांनी उपजिल्हा रुग्णालयातल्या दोन नर्सना भाड्यानं दिला.

दिवाळीनंतर मुरबाडला माझं काम होतं, तेव्हा पुढं टोकावड्यापर्यंत जाऊन आले. रस्त्यापासून थोडं आत घर. अंगणात भात वाळत घातलेलं, आणि ओटीवर काका हातात काठी घेऊन कोंबड्या हाकत बसलेले. बनियन, लुंगी, पायात काही नाही. बारीक झाले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. सगळी कापणीला गेलेली, मुलं शाळेत. ओट्याच्या कडेला त्यांचं जेवण झाकून ठेवलेलं होतं.

त्यांनी मला पाणी दिलं. दुकानाची चौकशी केली, माझ्या सासूची केली. मुलं बोटींच्या गोष्टी ऐकतात का, मी विचारलं. “येकदा ऐकल्या. आता मोबाइलवर बघतात, त्यात लय मोठ्या बोटी दिसतात.” पुतण्या कमी बोलतो, म्हणाले. सुगंधा पहाटे उठते आणि रात्री बसल्या बसल्या झोपते. कोंबडी आली, त्यांनी काठी आपटली.

मी विचारलं, “काका, करमतं का इथं?”

ते शेताकडच्या पायवाटेकडे बघत राहिले. ऊन होतं, वाटेवर कुणी नव्हतं.

“नाय,” ते म्हणाले.

“मग चला परत. खोली रिकामी करून घेऊ.”

“नको,” काका म्हणाले. “संध्याकाळी येतात सगळी.”